वाचक विचारतात: टेपवरचा बॅकअप गेला कुठे?

प्रश्न: कर्वेनगरला आमचा छोटा व्हिडिओ स्टुडिओ आहे. सेकंडहँड एलटीओ-६ ड्राइव्ह (बॅकअपच्या टेप लिहिणारं-वाचणारं मशीन) घेतला, लिनक्स सर्व्हरला जोडला आणि रोज रात्री टार कमांडने (ती सगळ्या फाइलींचा एक गठ्ठा करते) एकाच टेपवर त्या दिवसाचं शूट टाकतो. परवा क्लायंटने जुनं फुटेज मागितलं म्हणून टेप वाचली, तर तिच्यावर फक्त आदल्या रात्रीचंच काम! टेप खराब निघाली का?

उत्तर: टेप खराब नाहीये. पण आधी ती ड्राइव्हमधून काढा, कोपऱ्यातलं छोटं बटण सरकवून लॉक करा आणि तिच्यावर आता काहीही लिहू नका, मग पुढचं वाचा.

तुमच्या स्क्रिप्टमध्ये बहुतेक 'एसटी-झीरो' (/dev/st0) हे डिव्हाइस, म्हणजे लिनक्समधलं टेप ड्राइव्हचं नाव, लिहिलेलं असणार. त्याची सवय अशी की काम संपून फाइल बंद झाली की टेप आपोआप रिवाइंड होऊन सुरुवातीला येते, मग दुसऱ्या रात्रीचा टार पण सुरुवातीपासूनच लिहितो, कॅसेटवर पुन्हा पहिल्यापासून रेकॉर्डिंग केल्यासारखं, आणि एरर कुठेच येत नाही कारण मशीनच्या दृष्टीने काही चुकलेलंच नसतं. त्यात नवीन डेटा जिथे संपतो तिथे 'इथे डेटा संपला' अशी खूण पडते. पुढच्या फितीवर जुनं फुटेज शिल्लक असलं तरी ड्राइव्ह त्या खुणेपलीकडे वाचत नाही. त्यामुळे सर्व्हरवर, कॅमेऱ्याच्या कार्डांवर, एडिटरच्या डिस्कवर आधी शोधा. अगदीच काही मिळालं नाही तर टेपचं काम करणाऱ्या डेटा रिकव्हरीवाल्यांना विचारा, पण फार आशा ठेवू नका.

आता स्क्रिप्ट बदला. त्याच ड्राइव्हचं दुसरं नाव, 'एनएसटी-झीरो' (/dev/nst0) वापरा, म्हणजे टेप जिथे थांबली तिथेच राहते. तरी मध्ये कुणी टेप काढून परत घातली तर ती पुन्हा सुरुवातीला असते, म्हणून लिहिण्याआधी दरवेळी टेप पुढेमागे नेणाऱ्या एमटी कमांडला 'ईओडी' (एंड ऑफ डेटा) सांगून टेप डेटाच्या शेवटी न्यायची. परत वाचताना आधी रिवाइंड, मग एमटीलाच 'एफएसएफ ३' म्हटलं की तीन आर्काइव्ह (टारचे गठ्ठे) ओलांडून चौथ्याच्या तोंडाशी येता. कुठल्या टेपवर कितव्या नंबरला काय आहे त्याची यादी दुसऱ्या मशीनवर ठेवा आणि कागदावरही, कारण टेपवर नुसता टार टाकला तर बाहेरून काहीच कळत नाही.

खरं सांगू का, एकाच टेपला रोज जोडत जाणं मला पटतच नाही. ती एक टेप तुटली, हरवली की सगळंच गेलं. चार-पाच टेप आलटून पालटून वापरा आणि लिहून झालं की टारच्या 'कम्पेअर'ने मूळ फाइलींशी ताडून बघा. टेपवर ६.२५ टीबी लिहिलेलं असतं त्यावरही जाऊ नका, तो आकडा कॉम्प्रेशन धरून असतो. व्हिडिओ आधीच कॉम्प्रेस झालेला असतो, तुम्हाला २.५ टीबीच मिळणार.

अजून एक, ड्राइव्ह सारखा थांबून मागेपुढे करत असेल तर त्याला डेटा पुरेशा वेगाने मिळत नाहीये. एलटीओ-६ सेकंदाला १६० एमबीपर्यंत लिहितो, नेटवर्कवरून बारीक बारीक फाइली ओढल्या तर तेवढा वेग येत नाही, आणि या मागेपुढे होण्याने टेप आणि हेड दोन्ही झिजतात. आधी सगळं लोकल डिस्कवर गोळा करा किंवा मध्ये 'एमबफर' (डेटा मेमरीत साठवून ड्राइव्हला सलग पुरवणारा प्रोग्राम) लावा.

प्रश्न: ऑफिस सिंहगड रोडला, तळमजल्यावर. टेप कुठे ठेवाव्यात?

उत्तर: तिथे तर नक्कीच नाही! जुलै २०२४ मध्ये पुण्यात खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरांत कसं पाणी शिरलं ते तुम्ही जवळून बघितलं असेल. एक संच वरच्या मजल्यावर आणि दुसरा नदीपासून लांब, दुसऱ्या भागात ठेवा. जास्त वर्षं ठेवायच्या टेपला साधारण १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते. आपल्या पावसाळ्यात हवा याच्या कितीतरी वर जाते, म्हणून घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि टेप उभ्या. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं.

प्रश्न: क्लाउड असताना टेप कशाला?

उत्तर: फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअर बगमुळे काही जीमेल खात्यांतले मेल गायब झाले होते, वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये कॉप्या असूनही. गुगलने ते टेपवरून परत आणले, कारण टेप ऑफलाइन होत्या आणि बग तिथपर्यंत पोचला नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरचंही तेच, कपाटातल्या टेपला ते हात लावू शकत नाही. क्लाउड वापरा की, पण टेप सोडू नका. फक्त नवा ड्राइव्ह घेताना बघून घ्या, एलटीओ-७ तुमच्या एलटीओ-६ टेप वाचतो, एलटीओ-८ वाचत नाही.