बेस गायब का होतो?

प्रश्न: नवीन स्पीकर घेतलेत, पण सोफ्यावर बसलं की बेस (खालचा, जाड आवाज) एकदम पातळ लागतो, आणि मागच्या भिंतीशी जाऊन उभं राहिलं की धमधम. स्पीकरच खराब आहेत का?

उत्तर: अहो नाही, स्पीकर बदलायची घाई करू नका. आधी वायरी बघा, एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी लागली असेल तरी बेस असाच गळतो. ते ठीक असेल तर मग खोलीचा खेळ आहे, म्हणजे समजा खोली ४ मीटर लांब असेल तर साधारण ४३ हर्ट्झचा (सेकंदाला ४३ कंपनांचा, म्हणजे खोल बेसचा) सूर भिंतींपाशी फुगतो आणि बरोब्बर मधोमध जवळजवळ मरतो, आणि तुमचा सोफा बहुतेक तिथेच असणार! तो फूट-दोन फूट मागे घ्या. स्पीकर भिंतीपासून १ मीटर पुढे असतील तर भिंतीवर आपटून परत येणारा आवाज ८५ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खातो, त्यामुळे भिंतीकडे थोडे थोडे सरकवत ऐकत जा. कोपऱ्यात मात्र कोंबू नका, बेस भरपूर मिळेल पण नुसता घुमेल. इक्वलायझरने बेस वाढवून हा खड्डा भरत नाही, उगाच अँप्लिफायरवर ताण.