कमी तास उडालेलं जुनं चॅलेंजर ६०५ हे खाजगी जेट घ्यावं का? किती द्यावेत?

तुमचा प्रश्न: विमान १५ वर्षांचं, तास जेमतेम २,२००, ठेवायचं मुंबईत.

'तास कमी म्हणजे विमान नवंकोरं' हे ब्रोकर मंडळींचं लाडकं वाक्य आहे आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. या विमानाच्या सगळ्यात महागड्या तपासण्या तासांवर नाही, महिन्यांवर चालतात, ९६ आणि १९२. तुमचं १५ वर्षांत १८० महिन्यांवर आलंय. म्हणजे वर्षभरात १९२ची तपासणी तुमच्या गळ्यात. मालक आत्ताच का विकतोय, ते यावरून ओळखा.

त्या तपासणीत केबिन रिकामी करतात. सीट, गॅली (विमानातलं स्वयंपाकघर), टॉयलेट, खालच्या फळ्या, सगळं बाहेर. खरा माल गॅली आणि टॉयलेटखाली सापडतो. सांडलेलं पाणी, चहा, टॉयलेटचं निळं रसायन सीट ट्रॅकमध्ये (सीट बसवायच्या रुळांत) आणि फ्लोअर बीमवर (फरशीखालच्या तुळयांवर) झिरपत राहतं. रंगाला फुगवटे येतात, रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसते. गंज खरवडून उरलेली जाडी मर्यादेत असेल तर निभावलं. नसेल तर दुरुस्तीचा आराखडा कंपनीकडून मंजूर होईपर्यंत विमान हँगरमध्ये, आणि भाडं चालू. उभ्या विमानाचे हाल आणखी वेगळे. सील सुकून हायड्रॉलिक पाझरतं, टाकीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात बुरशी वाढते आणि इंधनमापकं चुकीचं वाचन देऊ लागतात.

म्हणून खरेदीपूर्व तपासणीची व्याप्ती करारातच लिहून घ्या: गॅली-टॉयलेटखालची फ्लोअर उघडणं, दोन्ही सीएफ३४ इंजिनांची आणि एपीयूची (जमिनीवर वीज-हवा पुरवणाऱ्या छोट्या इंजिनाची) बोरोस्कोपी, म्हणजे आत कॅमेरा घालून पाहणी, तेलाचे नमुने, टाकीच्या तळाचा नमुना. आजवर ते विमान सांभाळणारं वर्कशॉप यासाठी अजिबात नको. उड्डाणयोग्यतेला बाधक दोष विक्रेत्याच्या खर्चाने, कार्पेटचा डाग तुमच्या. तांत्रिक स्वीकृतीवर, म्हणजे तपासणीनंतर 'विमान मान्य' या कागदावर, सही केली की एस्क्रोमधलं (त्रयस्थाकडे ठेवलेलं) डिपॉझिट सहसा परत मिळत नाही, तेव्हा सही घाईत नको.

कागद बघताना आयुष्यमर्यादा असलेल्या प्रत्येक भागाचा पहिल्या दिवसापासूनचा माग मागा. ज्या टर्बाइन डिस्कच्या (इंजिनातल्या फिरत्या चकतीच्या) सायकल, म्हणजे चालू-बंद फेऱ्या, सिद्ध होत नाहीत, ती भंगार. इंजिन देखभाल कार्यक्रमात (तासामागे पैसे भरून देखभाल मिळते त्या करारात) असेल तर तो करार तुमच्या नावावर होईल आणि थकबाकी नाही, असं कंपनीचं पत्र पैसे देण्याआधी हातात हवं. विमानावर कुणाचा बोजा आहे का, हे इंटरनॅशनल रजिस्ट्रीत (विमानांवरच्या बोजांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत) तपासा. आयातीच्या वयाच्या अटीत बसतं का, हे डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून) लेखी घ्या, नाहीतर बाकीचा खटाटोप फुकट.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर जीएसटी ४० टक्के आहे, इतर विमानांवर ५. ५ टक्क्यांत बसण्यासाठी चार्टरचं (विमान भाड्याने देण्याचं) परमिट काढून घरच्यांनाच फिरवायची शक्कल सीए सुचवेलच. कस्टम्सवाले नेमकी तीच पकडतात.

मुंबईत पार्किंगची बोंब आहे आणि गर्दीच्या तासांत खाजगी उड्डाणांवर बंधनं. जुहूची धावपट्टी या विमानाला पुरत नाही. जागा आधी पक्की करा, मग विमान बघा. समुद्राजवळ उघड्यावर चार महिने पावसात ठेवणार असाल तर इंजिनांची कव्हरं आणि जतनाची प्रक्रिया यांचा खर्चही धरा.

आता भाव. १९२च्या तपासणीचं कोटेशन दोन वर्कशॉपकडून मागवा आणि ती रक्कम मालक मागतोय त्या किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करा.

हां, कमी तासांचं विमान दर आठवड्याला थोडंथोडं उडत असेल, हँगरमध्ये राहिलं असेल आणि लॉगबुकात तसं दिसत असेल, तर ते जरूर बघा. पण ब्रोकरच्या तोंडी शब्दावर नको, नोंदी स्वतः मोजा.