दगडी भिंत आणि तुटणारे सूर

प्रश्न : साताऱ्यातील आमचा वाडा दगडी भिंतींचा आहे. माडीवरील संगणकावरून स्वयंपाकघरातील ब्लूटूथ स्पीकरवर अभंग लावले की आवाज तुटतो. संगणकाच्या निळ्या यूएसबी खाचेत, हार्ड डिस्कच्या वायरीला खेटून, बिनतारी माउसचा रिसीव्हर आहे. तो माउसही अडखळतो. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दोष स्पीकरचा नसावा. ब्लूटूथ रेडिओ लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि अशा स्पीकरचा पल्ला मोकळ्या जागेत साधारण १० मीटर धरतात. मध्ये जाड दगडी भिंत आली की तो फारच आखडतो, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच पट्ट्यात काम करत असल्याने, दूध तापवायला ठेवले की नेमका अभंग रंगात आलेला असताना सूर तुटतो. जुन्या वाड्यासाठी मी आग्रहाने सुचवीन, की राउटरपासून स्वयंपाकघरापर्यंत जिन्याच्या कडेने नेटवर्क केबल न्यावी, तेथे छोटा ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेले नेटवर्क वाय-फायने पसरवणारे उपकरण) बसवावा आणि ५ गिगाहर्ट्झवर चालणारा वाय-फाय स्पीकर घ्यावा. हा पट्टा भिंतीपुढे लवकर हार मानतो, परंतु एकाच खोलीत ती अडचण येत नाही.

माउसचे कारण वेगळे आहे. यूएसबी ३.० जोडणीतून (तुमची निळी खाच बहुधा हीच) २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे असे बिनतारी माउस सहसा चालतात त्याच पट्ट्यात, विद्युत गोंगाट होतो, म्हणून रिसीव्हर छोट्या एक्स्टेन्शन वायरीने हार्ड डिस्कपासून दूर, माउसजवळ आणावा.