पॉवरलूमचा स्पेक्ट्रम स्थिर का होत नाही?

प्रश्न : मी सोलापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका लूमच्या मोटरला सेन्सर लावून २० सेकंद व्हायब्रेशन घेतलं. एफएफटीत (व्हायब्रेशनची फ्रिक्वेन्सीनुसार फोड) नुसतं गवत, म्हणजे वर-खाली उसळणाऱ्या रेषा दिसतात, रेकॉर्डिंग लांबवलं तरी तेच. सरासरी डीबीत (लॉग स्केलवर) काढू का? आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स लिमिट, म्हणजे खरा आकडा कुठून कुठवर असू शकतो ती हद्द, कशी काढतात?

उत्तर : लांब रेकॉर्डिंगचा एकच एफएफटी घेतला की फ्रिक्वेन्सीचे कप्पे बारीक होतात, पण नॉइज असेल तिथे प्रत्येक कप्प्यातला आकडा तेवढाच डळमळीत राहतो, त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन सरासरीएवढंच असतं. म्हणून २-२ सेकंदांचे तुकडे करा, प्रत्येकाची पॉवर काढा आणि मग सरासरी घ्या. तुकडे एकमेकांवर चढवून, विंडो लावून (तुकड्याच्या कडा हळूहळू दाबून) हे करायची पद्धत पीटर वेल्च या संशोधकाने १९६७ साली मांडली, ती आजही चालते.

डीबीत सरासरी अजिबात नको! आधी पॉवरची सरासरी, लॉग शेवटी, नाहीतर नॉइज साधारण अडीच डीबी खाली दिसतो आणि कितीही तुकडे घेतले तरी ती चूक जात नाही.

आता लिमिट. न चढवलेले १० तुकडे म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडम (स्वतंत्र आकडे, दर तुकड्याला २) २०, चाय-स्क्वेअरच्या (नॉइजची पॉवर किती डळमळते ते सांगणाऱ्या) टेबलात त्याला ९.५९ आणि ३४.१७ मिळतात, मग खालचं लिमिट सरासरीच्या २०/३४.१७ म्हणजे ०.५९ पट आणि वरचं २०/९.५९ म्हणजे २.०९ पट. एकाच तुकड्यावर हेच ०.२७ ते ३९.५ पट येतं, तुमचं गवत ते हेच. हॅन विंडो (नेहमी वापरतात तो विंडोचा एक प्रकार) आणि ५० टक्के ओव्हरलॅप घेतला तर १९ तुकडे होतील, पण डिग्रीज ऑफ फ्रीडम ३८ धरू नका, ३६ धरा, कारण शेजारचे तुकडे थोडे सारखे असतात. मॅटलॅब सॉफ्टवेअरच्या पीवेल्च फंक्शनला कॉन्फिडन्स लेव्हल ०.९५ सांगता येते, पायथॉनच्या सायपाय लायब्ररीचं वेल्च फंक्शन लिमिट देत नाही, तिथे चाय-स्क्वेअर स्वतः लावा.

हे सगळं नॉइजपुरतं बरं का, मोटरच्या ठळक रेषेला हे लिमिट लावू नका. १४४० आरपीएमची मोटर २४ हर्ट्झला दिसते, आणि लूम मिनिटाला १२० पिक (आडवे धागे) मारत असेल तर २ हर्ट्झचा बारावा पटही २४ लाच पडतो, तिथे सरासरी काहीच सोडवत नाही. जॉबरला (लूमच्या मेकॅनिकला) सांगून बेल्ट उतरवा नि मोटर रिकामी फिरवून बघा, ती १५०० च्या जवळ जाते, म्हणजे तिची रेषा २५ कडे सरकेल. आणि धागा तुटून लूम थांबला असेल तेवढा भाग सरासरीत घेऊ नका.