मिनी लेथला दुसरा चक घ्यायचा आहे, १०० मिमीचा थ्री जॉ घेऊ का?

तुमचा लेथ १८० मिमी स्विंगचा (बेडवर जास्तीत जास्त तेवढ्या व्यासाचा जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, फिरतो), सोबत आलेला थ्री जॉ चक, म्हणजे तीन जबड्यांत जॉब पकडणारा भाग, ८० मिमीचा, आणि करायचे आहेत छोट्या वाफेच्या इंजिनाचे भाग. मग १०० मिमीचा थ्री जॉ आत्ता नको. त्याच पैशात ८० मिमीचा फोर जॉ इंडिपेंडंट घ्या, ज्यात प्रत्येक जॉ वेगळा सरकतो आणि वर्कशॉपमध्ये ज्याला डॉग चक म्हणतात तो. जोडीला ०.०१ मिमीपर्यंतचा फरक दाखवणारा डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड हवाच. डायलशिवाय डॉग चक घेऊन उपयोग नाही.

थ्री जॉमध्ये, म्हणजे ट्रू चकमध्ये, तिन्ही जॉ एकाच स्क्रोलवर, म्हणजे सर्पिल आटे असलेल्या चकतीवर, सरकतात. त्या स्क्रोलमधली चूक सगळीकडे सारखी नसते. १२ मिमीचा बार छान फिरेल आणि त्याच चकात ३० मिमीचा आऊट जाईल, म्हणजे केंद्र सोडून फिरेल. स्वस्तातल्या चकात ०.०५ ते ०.१ मिमी आऊट ही नेहमीची गोष्ट आहे, आणि मोठा चक घेतल्याने ती जात नाही. एकाच बांधणीत फेसिंग (टोक सपाट करणं), टर्निंग (बाहेरून कातणं), बोअर (आतलं भोक कातणं) सगळं उरकलं तर ही चूक आडवी येत नाही, कारण ती सगळी कामं एकाच अक्षावर होतात. जॉब काढून उलटा बांधला की ती दिसते.

इंजिनाच्या कामात तर जॉब उलटा बांधावाच लागतो. सिलिंडरचा ठोकळा चौकोनी असतो आणि त्याचा बोअर बहुधा मधोमध नसतो. एक्सेंट्रिकसाठी, म्हणजे वाफेची झडप हलवणाऱ्या केंद्राबाहेरच्या चकतीसाठी, जॉब मुद्दाम केंद्राबाहेर बांधायचा असतो. ३ मिमी ऑफसेट हवा असेल तर एका फेऱ्यात डायलवर एकूण ६ मिमीचा फरक दिसला पाहिजे. ट्रू चकात हे एका जॉखाली मोजून-मापून पट्टी घालून जमवावं लागतं, डॉग चकात ते सरळ होतं.

सेंटरिंगची भीती बाळगू नका. समोरासमोरची एक जोडी घ्या. जॉ १ वर आणि जॉ ३ वर डायल वाचा, फरकाच्या निम्म्याइतका जॉब सरकवा: जास्त वाचन आलेल्या बाजूने आत दाबायचा, त्याआधी समोरचा जॉ किंचित ढिला करायचा. मग दुसरी जोडी, मग पुन्हा पहिली. दोन चाव्या असतील तर समोरासमोरचे स्क्रू एकदमच फिरवता येतात आणि हे काम फार भराभर होतं. पितळेच्या किंवा तयार झालेल्या जॉबला जॉखाली तांब्याची पातळ पट्टी द्या.

चारही जॉ एकत्र सरकणारा सेल्फ सेंटरिंग चक मात्र घेऊ नका. बार जरा जरी गोल नसला तरी दोनच जॉ घट्ट बसतात आणि उरलेले दोन नुसते टेकतात.

१०० मिमीचा मोह कशाने होतो तेही माहीत आहे. ८० मिमीच्या चकाचं आरपार भोक साधारण १६ मिमीचं असतं आणि स्पिंडलचं (चक फिरवणाऱ्या पोकळ दांड्याचं) २० मिमीचं, त्यामुळे १८ मिमीचा बार चकातच अडतो. असं लांब बारचं काम रोजचं असेल तर १०० मिमी घेण्यात अर्थ आहे. पण चक जड, पुढे जास्त आलेला, आणि जॉ उघडल्यावर बाहेर निघालेली टोकं बेडला किंवा कॅरेजला (हत्यार घेऊन सरकणाऱ्या भागाला) लागत नाहीत ना, हे दर वेळी हाताने एक फेरा फिरवून बघायचं. बारीक गोल बारच खूप करणार असाल तर ईआर ३२ कॉलेट चक, जो बार चहूबाजूंनी सारखा आवळतो, जास्त कामाचा. तो फ्लँजवर, म्हणजे स्पिंडलच्या पुढच्या चकतीवर, बसणारा घ्या. निमुळत्या दांड्याने स्पिंडलच्या भोकात बसणारा एमटी ३ टेपरवाला ते भोकच बंद करतो.

विकत घेण्याआधी आपल्या स्पिंडलचा फ्लँज स्वतः मोजा. ८० मिमीच्या चकाला बहुतेक ५५ मिमीचा रजिस्टर (चक नेमका केंद्रात बसवणारी गोल बैठक) आणि ६६ मिमीच्या वर्तुळावर तीन एम ६ बोल्ट असतात, पण फोर जॉच्या मागची भोकं वेगळी असू शकतात. जुळत नसेल तर मधे बसवायची बॅकप्लेट लागेल, आणि तिचा चकाकडचा रजिस्टर तुमच्याच स्पिंडलवर बसवून टर्न करायचा, दुसऱ्याच्या लेथवर करून आणायचा नाही. बिडाच्या चकाचा कमाल आरपीएम बहुधा त्यावर कोरलेला असतो. तुमचा लेथ २५०० पर्यंत जात असला तरी चकाचा आकडा त्याहून कमी असेल तर चकाचाच पाळायचा.

जुना चक मिळत असेल तर एक सरळ, ग्राइंड केलेली पिन बांधून तिचं बाहेरचं टोक हाताने हलवून पाहा. हललं तर जॉची तोंडं पुढून झिजलेली आहेत, घेऊ नका.