कोरियातून परदेशी दत्तक गेलेले लोक आणि तिथल्या अविवाहित माता एकत्र आंदोलन का करतात? त्यांचं हित एकमेकांच्या विरुद्ध नाही का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "ज्या आईने सोडून दिलं तिच्याच बाजूने ही मुलं कशी काय उभी राहतात? आणि मी सोलला शिकायला जातोय, तर बाहेरच्या माणसाला या कामात काही करता येतं का?" दुसऱ्याचं उत्तर शेवटी देते, आठवण राहिली तर. पहिल्यात तुम्ही धरूनच चाललात की आईने सोडून दिलं. हे वाक्य मी आमच्याच घरात, आमच्याच काकांच्या तोंडून ऐकलंय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

मी सोलजवळच्या सुवोनला एका कंपनीत नोकरीला होते. कोरियन पुण्यात शिकले, तिकडे जाऊन सुधारलं. सुट्टीच्या दिवशी सोलमध्ये दत्तक गेलेल्या लोकांसाठी दुभाषी म्हणून जायचे. पैसे नाहीत, जेवण मिळायचं. त्यातून एक डॅनिश मैत्रीण झाली. चेहरा कोरियन, पासपोर्ट डॅनिश, कोरियन भाषेचा गंध नाही. ऐंशीच्या दशकात, रांगायलाही लागली नव्हती तेव्हा कोपनहेगनला गेली. विमानात मांडीवर घेऊन बसलेली व्यक्ती कोण होती हेही तिला माहीत नाही. त्या काळी तिकीट स्वस्तात पडतं म्हणून विद्यार्थी, प्रवासी, कुणीही अशी बाळं सोबत न्यायचे. तिच्याकडे टाइप केलेला एकच इंग्रजी कागद होता: आईवडील अज्ञात, बेवारस सापडली.

तिची मूळ फाइल बघायला आम्ही तिला परदेशी पाठवणाऱ्या दत्तक एजन्सीत गेलो. नाव लिहीत नाही. लहानशी खोली, टेबलावर टिश्यूचा डबा आधीच मांडून ठेवलेला. समोरची बाई अतिशय नम्र. फाइल तिने स्वतःकडे तिरकी धरली होती. त्यातलं थोडंथोडं ती वाचायची आणि मी इंग्रजीत सांगायची. वजन किती, दूध कुठलं, लस कधी टोचली. मग तिने पान उलटलं आणि न वाचताच म्हणाली, "बाकी विशेष काही नाही." आता मला उलटं वाचता येतं. शाळेत बाईंच्या टेबलावरचे मार्क वाचून वाचून लागलेली सवय. पानावर हाताने भरलेला तक्ता होता. आईच्या रकान्यात आडनाव होतं, वय १९ होतं, कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम असं होतं. वडिलांच्या रकान्यातही काहीतरी होतं, पण ते तिच्या अंगठ्याखाली गेलं.

मी मैत्रिणीला तिथल्या तिथे सांगितलं. दुभाष्याने समोरच्याच्या हातातलं वाचायचं नसतं, ठाऊक आहे. चाळीस वर्षं 'बेवारस' म्हणून जगलेल्या बाईसमोर मी तो नियम पाळणार नव्हते. आम्ही झेरॉक्स मागितली. मिळाली, त्या रकान्यांवर काळ्या पट्ट्या मारून. कायदा असा की आईची संमती असल्याशिवाय तिची ओळख सांगता येत नाही. तेव्हा एजन्सी किंवा सरकारी केंद्र आईचा पत्ता शोधून पत्र पाठवायचं, आणि उत्तर आलं नाही तर संमती नाही असं धरायचे. तिने लग्नाआधीचं नवऱ्याला सांगितलं नसेल, तर ते पत्र घरात कुणाच्या हाती पडायचं? मैत्रिणीला आजपर्यंत उत्तर आलेलं नाही.

मग बेवारस कोणी केलं? आईने नाही, कागदाने. जिवंत आईचं मूल परदेशी पाठवायचं तर आईची रीतसर संमती हवी, कागदपत्रं हवीत. अनाथ म्हणून नवी कुटुंबनोंद उघडली की काम सोपं, व्हिसाही झटपट. २६ मार्च २०२५ ला कोरियाच्या सत्य व समेट आयोगाने हेच सांगितलं. ३६७ जणांनी तक्रारी केल्या होत्या. त्यातल्या ५६ जणांच्या मानवी हक्कांचं उल्लंघन झाल्याचं आयोगाने तेव्हा मान्य केलं: खोटे कागद, बदललेली ओळख, धड न घेतलेली संमती. या तक्रारी सरकार आपण होऊन शोधायला गेलं नव्हतं. २०२२ मध्ये डेन्मार्कमधल्या कोरियन दत्तकांच्या गटाने अर्जांचा गठ्ठा आयोगापुढे नेऊन ठेवला, मग बाकीच्या देशांतले लोक जोडले गेले.

आता काका. काका पुण्यात एका अनाथाश्रमाचे विश्वस्त आहेत. माणूस चांगला, पण आपलं म्हणणं म्हणजे सुप्रीम कोर्टाचा निकाल. मैत्रीण भारतात आली तेव्हा आमच्याकडे जेवायला होती. आईने श्रीखंड केलं होतं. काका मला म्हणाले, "तिला नीट शब्दांत विचार, कोरियात राहिली असती तर हे सगळं मिळालं असतं का? उपकारच झाले ना तिच्यावर?" पाहुणी आमच्याच ताटावर बसलेली. मी तिला विचारलं, "काका विचारतायत, आणखी श्रीखंड हवं का?" तिने हसून मान डोलावली आणि वाटी पुढे केली. तेव्हापासून काका प्रत्येक लग्नामुंजीत सांगतात की त्या मुलीने स्वतः कबूल केलं, उपकारच झाले.

तर काका, तुम्हाला हे कुणीतरी पाठवेलच.

कोरियन युद्ध १९५३ मध्ये थांबलं. १९५५ मध्ये ऑरेगनच्या हॅरी होल्टने आठ मुलं नेली आणि पुढे त्याच्या नावाची संस्था उभी राहिली. तोवर युद्धातली अनाथ मुलं, उपासमार, सगळं मान्य. पण सर्वांत जास्त मुलं बाहेर गेली ती १९८५ मध्ये, एका वर्षात ८,८३७. युद्ध संपून तीस वर्षं झाली होती. १९८६ मध्ये ह्युंदाईच्या गाड्या अमेरिकेत विकायला जात होत्या आणि त्याच वर्षी आठ हजारांहून जास्त बाळंही देशाबाहेर गेली. याला गरिबी म्हणायचं? १९८८ च्या ऑलिम्पिकला परदेशी पत्रकार आले, त्यांनी लिहायला सुरुवात केली, तेव्हा कुठे सरकारला लाज वाटली आणि आकडा उतरला. एकूण आकडा दोन लाखांच्या आसपास सांगतात.

आणि ही मुलं कुणाची? पुढेपुढे तर जवळपास सगळी अविवाहित मुलींची. अनेकींची बाळंतपणं एजन्सीच चालवत असलेल्या निवासात व्हायची. जिला मूल हवंय की नको हे ठरवायला मदत हवी, तिचा सल्लागार मूल बाहेर पाठवणाऱ्याचाच नोकर. माहेरची दारं बंद, बाप नामानिराळा. त्यात २००८ पर्यंत 'होजू' पद्धत होती, म्हणजे कुटुंबाचा प्रमुख पुरुष आणि नोंद त्याच्या नावाखाली. २०१० च्या सुमारास मूल स्वतः वाढवणाऱ्या गरीब एकल आईला सरकार महिन्याला ५० हजार वॉन द्यायचं, आणि तेच मूल दुसऱ्याने दत्तक घेतलं की त्या कुटुंबाला एक लाख. काका, तुम्ही हिशेबाचे पक्के, हा ताळा तुम्हीच करा.

यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. हित विरुद्ध असायला दोघांना वेगवेगळं काही हवं असावं लागतं. दत्तक गेलेली बाई कागद मागते, आजची अविवाहित आई पोटगी, भत्ता, नोकरी आणि पाळणाघर मागते. दोघींचं गाऱ्हाणं एकाच यंत्रणेविरुद्ध, फक्त मध्ये चाळीस वर्षांचं अंतर. २००७ मध्ये 'ट्रॅक' ही दत्तकांची संघटना झाली, त्याच सुमारास अविवाहित मातांनी स्वतःचा संघ काढला. कोरूट नावाचं एक अतिथीगृह होतं, परत आलेले दत्तक तिथे उतरायचे, तिथेच या मंडळींची ऊठबस. दोघांनी मिळून वकील धरले, खासदार गाठले आणि २०११ मध्ये दत्तक कायदा बदलून घेतला. ऑगस्ट २०१२ पासून बाळ जन्मल्यावर सात दिवस उलटल्याशिवाय आईची संमती घेता येत नाही, आणि कौटुंबिक न्यायालयाच्या मंजुरीशिवाय दत्तक होत नाही. सात दिवस म्हणजे काहीच नाही. पण त्याआधी पोटात असतानाच सह्या घ्यायचे.

सरकारने ११ मे हा 'दत्तक दिन' ठरवला होता. या लोकांनी २०११ पासून त्याच दिवशी 'एकल माता दिन' सुरू केला. भांडखोरपणा म्हणा हवं तर, मला तो फार आवडतो. पुढे सरकारने १० मे हा एकल पालक कुटुंबांचा दिवस केला, मुद्दाम एक दिवस आधी, म्हणजे आधी आपलं घर, मग दत्तक. अशा एका कार्यक्रमाला मी पोरं सांभाळायला होते. आत भाषणं, बाहेर आम्ही आणि डझनभर कार्टी. दारावर पाटी: फोटो काढू नयेत. मैत्रीणही आली होती. एका दोन वर्षांच्या पोराने तिच्या डब्यातला किम्बाप, म्हणजे भाताची गुंडाळी, उचकून आतला मुळा तेवढा खाल्ला आणि भात तिच्या मांडीवर ठेवला. त्याची आई माफी मागत आली, आणि मग माझ्यामार्फत तिने सरळच विचारलं, "तुम्हाला तुमच्या आईचा राग येतो का?" मैत्रीण म्हणाली, "नाही. मला तिचं नाव हवंय." त्या पोरीने मान हलवली आणि मांडीवरचा भात वेचायला लागली.

सगळं आलबेल आहे असं नाही. २००९ मध्ये सोलच्या एका पाद्रींनी चर्चला 'बेबी बॉक्स' बसवला: भिंतीत झडप, बाळ ठेवा आणि निघून जा. २०१२ च्या कायद्यात जन्मनोंद सक्तीची झाली म्हणून बाळं तिथे येतात असा आरोप झाला आणि दत्तकांनाच खलनायक ठरवलं गेलं. जुलै २०२४ पासून नाव न सांगता बाळंत होण्याचीही कायदेशीर सोय आहे, तिलाही यातल्या बऱ्याच जणांचा विरोध आहे. माझं मत विचाराल तर, जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा गुप्तपणे बाळंत व्हा असंच सांगितलं होतं, पण मूल बरोबर न्यायचं की ठेवायचं हे तुमच्या खुशीवर, हेही त्यातच होतं. झडपेत ती खुशी कुणी विचारत नाही. (इथे एक सांगायला हवं: बॉक्सपाशी आलेल्या आयांशी तिथले लोक बोलतात आणि काही जणी मूल परत नेतात. तेवढं श्रेय द्यायला हवं.)

हेही आधीच सांगायला हवं होतं की सगळे दत्तक या चळवळीत नाहीत. कित्येकांचे दत्तक आईबाप देवमाणसं आहेत, त्यांना फाइल बघायचीही नाही, आणि हा त्यांचा हक्क आहे. माझी मैत्रीणसुद्धा तिच्या डॅनिश आईला रोज फोन करते. काही आयांनाही सापडायचं नसतं. आणि दत्तक घेणं वाईट असं मी म्हणत नाहीये, काका. तुमच्या आश्रमातून मूल नेणारी माणसं मी पाहिली आहेत, चांगली आहेत. त्या मुलाच्या आईला कुणी काय विचारलं होतं, एवढंच मला विचारायचंय. तुमच्या फाइलीत ते लिहिलेलं असतं का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ली जे-म्युंग यांनी माफी मागितली, त्याच महिन्यापासून परदेशी दत्तकाबद्दलचा आंतरराष्ट्रीय हेग करार कोरियाला लागू झाला, त्याआधी जुलैपासूनच दत्तकाचं काम खासगी संस्थांकडून सरकारकडे गेलं. फाइलीही सरकारी केंद्राकडे जमा होत आहेत. त्या उघडणार किती, हे वेगळं.

बरं, तुम्ही काय करू शकता. भाषा येत नसेल तर मोठमोठ्या गोष्टी मनात धरून जाऊ नका. मातांच्या संघाला पोरं सांभाळणारी, सामान उचलणारी माणसं लागतात, आणि एकदाच येऊन सेल्फी काढणाऱ्यांचा त्यांना वैताग आहे. फोटो टाकायचे नाहीत, पोरांचे तर मुळीच नाहीत. दत्तकांसाठी काम करायचं असेल तर 'गोअल' म्हणून १९९८ पासूनची संस्था आहे, तिथे भाषांतराला माणसं लागतात. त्यासाठी कोरियन बरं हवं, आणि जुन्या नोंदी वाचायच्या तर हान्जाही हवं, कारण नावगाव बऱ्याचदा चिनी अक्षरांतच असतं. आडनावं आणि जिल्ह्यांची नावं यांपासून सुरुवात करा, ती पुण्यात बसूनही पाठ होतात.