रीफ टँकसाठी कुठली वाळू सेफ? अ‍ॅरागोनाइटच हवी की साधी, समुद्रावरची किंवा कुणाची वापरलेली पण चालेल?

तुमचा प्रश्न वाचला. ९० बाय ४५ सेंटीमीटर तळ असलेला पहिलाच रीफ टँक, म्हणजे कोरल ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावताय, आणि वाळूसाठी चार पर्याय समोर आहेत : अ‍ॅरागोनाइट (कार्बोनेटची वाळू), साधी सिलिका म्हणजे फिल्टरमध्ये वापरतात ती, समुद्रावरून आणलेली, आणि चौथी म्हणजे एकाने टँक बंद केलाय तो त्याची जुनी वाळू फुकट देतोय. यातली सेफ कुठली.

आधी उत्तर देऊन टाकते मग कारणं. कोरडी अ‍ॅरागोनाइट घ्या, सीलबंद पिशवीतली, दाणा साधारण १ ते २ मिलिमीटर. सिलिका लोक सांगतात तेवढी वाईट नाहीये पण ती घ्यायचं तसं काही कारणही नाही. समुद्रावरची नको. आणि ती फुकटची तर अजिबातच नको, त्याबद्दल जरा सविस्तर सांगते कारण तिथे मी स्वतः तोंडावर पडलेय.

माझ्या दुसऱ्या टँकच्या वेळी अशीच एकाकडून दोन बादल्या वाळू आणली, पांढरीशुभ्र, अ‍ॅरागोनाइटच होती, दिसायला एकदम मस्त. चार-पाचदा धुतली, टँकमध्ये टाकली, सायकल (अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया तयार व्हायचा काळ) पूर्ण होऊ दिली, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, सगळं कसं पुस्तकात लिहिल्यासारखं. मग गोगलगायी सोडल्या तर दुसऱ्या दिवशी निम्म्या उलट्या पडलेल्या. म्हटलं प्रवासात दमल्या असतील. परत आणल्या, परत तेच. मासे मात्र मजेत! शेवटी कॉपरची टेस्ट किट आणून बघितलं तर रंग आला, आणि मग त्या माणसाला फोन केला तर तो सहज म्हणाला, हो मधे एकदा माशांना पांढरे ठिपके आले होते तेव्हा औषध टाकलं होतं टँकमध्ये. ते औषध तांब्याचं. म्हणजे त्याने खोटं काही सांगितलं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं.

त्याचं काय असतं की अ‍ॅरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि कार्बोनेटची वाळू आणि दगड पाण्यातलं तांबं स्वतःवर धरून ठेवतात. वरवर धुतलं तरी ते जात नाही, मग नव्या पाण्यात हळूहळू सुटत राहतं. माशाला ज्या प्रमाणात काही होत नाही त्या प्रमाणात गोगलगाय, कोळंबी, कोरल मरतात, कारण कणा नसलेल्या प्राण्यांना तांबं फार लवकर बाधतं. आणि तांबं नसलं तरी फॉस्फेट असतंच. तेही असंच कार्बोनेटला चिकटतं, जुन्या टँकमध्ये वर्षानुवर्षं खाद्य पडलेलं असतं, त्यामुळे ती वाळू तुमच्या नव्या टँकमध्ये पहिल्या दिवसापासून शेवाळाला खत घालणार. तुम्ही मात्र महिनोन्महिने लाइटला नाहीतर खाद्याला दोष देत बसणार.

म्हणून मी कुठल्याही वाळूबद्दल पहिला प्रश्न 'ही कशाची आहे' हा विचारतच नाही, 'ही आधी कुठे होती' हा विचारते. सगळे वाद अ‍ॅरागोनाइट की सिलिका यावर चालतात पण टँक बुडतात ते या दुसऱ्या गोष्टीने.

आता कशाची आहे तेही बघू. अ‍ॅरागोनाइट चांगली का, तर कोरलचा सांगाडाही त्याचाच बनलेला असतो, म्हणजे रीफच्या पाण्याला परकं असं तिच्यात काही नाही. पण पिशवीवर जे लिहिलेलं असतं ना की पीएच सांभाळते, कॅल्शियम देते वगैरे, त्यावर फार विसंबू नका. चांगल्या चालू टँकचा पीएच ८.१ ते ८.३ च्या आसपास असतो आणि त्या पाण्यात अ‍ॅरागोनाइट विरघळतच नाही, कारण ते पाणी आधीच त्याने ओसंडून भरलेलं असतं. विरघळवायची म्हटलं तर पीएच बराच खाली आणावा लागतो, कॅल्शियम रिअ‍ॅक्टरमध्ये (कार्बोनेट विरघळवून टँकला कॅल्शियम देणारं यंत्र) कार्बन डायऑक्साइड सोडून तो साडेसहाच्या जवळपास आणतात तो त्यासाठीच. वाळूच्या आतल्या थरात बॅक्टेरियामुळे पीएच थोडा उतरतो तिथे थोडीफार विरघळत असेल, पण कडक सांगाड्याचे कोरल वाढायला लागले की त्यांना जेवढं लागतं त्यापुढे हे काहीच नाही, डोसिंग, म्हणजे कॅल्शियम वगैरे बाहेरून घालणं, करावंच लागतं. मग फायदा काय? फायदा हाच की काही बिघडवत नाही. वाळूकडून एवढंच पाहिजे असतं.

सिलिका म्हणजे क्वार्ट्झ. तिच्यावरचा मोठा आरोप असा की तिच्यातून सिलिकेट सुटतं आणि तपकिरी डायटम (एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ) येतात. खरं तर क्वार्ट्झ टँकच्या तापमानाला इतकं कमी विरघळतं की जवळपास नाहीच म्हणा, काचेचा टँकही मुख्यतः सिलिकाचाच असतो की! नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी थर येतोच, अ‍ॅरागोनाइट असली तरी येतो, आणि फार रेंगाळला तर बहुतेकदा नळाचं पाणी वापरलेलं असतं, सिलिकेट तिथून येतं. आरओ-डीआयचं म्हणजे क्षार काढून शुद्ध केलेलं पाणी घ्या, टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) शून्य दिसू द्या, हा त्यावरचा खरा उपाय. त्यामुळे सिलिका टाकली म्हणून कुणाचा टँक मेला असं मी म्हणणार नाही. माझी अडचण वेगळी आहे, फिल्टरसाठी किंवा बांधकामासाठी जी वाळू येते ती प्राण्यांसाठी म्हणून कुणी तपासलेली नसते. बांधकामाच्या वाळूत माती, लोखंडाचे खनिज कण, काहीही असू शकतं. क्रश करून केलेली असेल तर दाण्याला धार असते, वाळूत झोपणाऱ्या माशांना आणि तोंडाने वाळू चाळणाऱ्या गोबी माशाला ती धार नको. आणि कोरडी सिलिका ओतताना धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा, ती धूळ फुफ्फुसाला चांगली नाही.

समुद्रावरच्या वाळूबद्दल लोक म्हणतात समुद्रातलीच तर आहे. समुद्रातली आहे पण कुठल्या समुद्रातली? किनारा म्हणजे बोटींचं तेल, नाल्यांचं पाणी, माणसांची वर्दळ सगळं येऊन थांबतं ती जागा. ओली आणली तर आतले जीव बादलीतच मरतात आणि टँकमध्ये अमोनियाचा लोंढा येतो, वाळवून धुवून आणली तर जिवंतपणाचा फायदा गेला, तेल-धातूंचा प्रश्न तसाच राहिला. शिवाय किनाऱ्यावरून वाळू उचलायला बऱ्याच ठिकाणी कायद्याने बंदी असते. बरं बऱ्याच किनाऱ्यांची वाळू क्वार्ट्झचीच असते, म्हणजे एवढं करून हातात सिलिकाच.

दोन घरगुती टेस्ट सगळे सांगतात त्या करा, पण त्या नेमकं काय सांगतात तेही समजून घ्या. चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका, फसफसली तर कार्बोनेट आहे. एवढंच. सेफ आहे असं नाही, माझी ती तांब्याची वाळूही छान फसफसली असती. दुसरी चुंबकाची, प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून कोरड्या वाळूतून फिरवा, काळे कण चिकटले तर ती वाळू सोडा, विशेषतः काळी वाळू घेत असाल तर हे कराच. लोखंडाचा कण पंपाच्या चुंबकाशी जाऊन बसतो, काच पुसायच्या चुंबकात अडकतो आणि मग काचेवर आडवा ओरखडा. रंग दिलेली किंवा कोटिंग केलेली वाळू तर विचारूच नका, खाऱ्या पाण्यात तो थर कधी सुटेल सांगता येत नाही.

आता दाणा. खरं सांगायचं तर हे लोक शेवटी विचारतात आणि पुढे रोजचा त्रास याचाच होतो. पिठासारखी बारीक वाळू फोटोत सुंदर दिसते, पण रीफला वेव्हमेकरचा, म्हणजे पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाचा, जोर लागतो आणि मग एका कोपऱ्यात टेकडी, दुसऱ्यात उघडी काच, आणि कोरलवर रोज वाळूचा सडा. उलट ४-५ मिलिमीटरचे कोरलचे तुकडे घेतले तर उडत नाहीत पण मधल्या फटींत खाद्य आणि घाण जाऊन बसते आणि नायट्रेट हळूहळू चढत राहतं, माझा पहिला टँक असाच होता. म्हणून मधला दाणा. फक्त प्राणी ठरलेले असतील तर त्यांना आधी विचारा, म्हणजे त्यांची गरज बघा. हॅलिकोरेस किंवा लेपर्ड रास हे मासे रात्री वाळूत शिरून झोपतात, त्यांना बारीक दाणा आणि पाचएक सेंटीमीटर तरी खोली लागते, असा मासा हवा असेल तर जोराचा झोत थेट तळावर येणार नाही असं जमवा. पिस्टल श्रिम्प (बीळ करणारी कोळंबी) आणि गोबीची जोडी ठेवायची असेल तर बारीक वाळूत थोडे मोठे तुकडे मिसळा, नुसत्या बारीक वाळूत त्यांचं बीळ ढासळतं. वाळू चाळणारा स्टारफिश मात्र नव्या छोट्या टँकमध्ये आणू नका, वाळूतलं खाण्यासारखं असेल ते संपवतो आणि मग स्वतः उपाशी मरतो, आपल्याला कळतही नाही.

थर तीन ते पाच सेंटीमीटर पुरे. दहा-बारा सेंटीमीटरचा खोल थर देऊन आतल्या ऑक्सिजन नसलेल्या भागात नायट्रेट संपवायची पद्धत आहे आणि ती चालतेही, पण पहिल्या टँकला नको, कारण त्या थराला पुढे हात लावायचा नसतो. खोल जुना थर एकदम उकरला तर आतून हायड्रोजन सल्फाइड सुटू शकतो, तोच तो सडक्या अंड्याचा वास, आणि तो विषारी असतो. पातळ थर असला की पाणी बदलताना दरवेळी एक चतुर्थांश भाग सायफनने साफ करता येतो. किती किलो लागेल हे लांबी गुणिले रुंदी गुणिले थर, भागिले १०००, म्हणजे लिटर, आणि लिटरला अंदाजे दीड किलो. तुमच्या टँकला ४ सेंटीमीटरसाठी १६ लिटर, म्हणजे २४-२५ किलो.

'लाइव्ह' म्हणून ओली पिशवी मिळते ती घ्यावी का? त्यात बॅक्टेरिया असतात, सायकलला थोडी मदत होते, पण किडे-कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) वगैरे बंद पिशवीत टिकत नाहीत, ते हवे असतील तर चांगल्या चालू टँकमधून मूठभर वाळू मागून आणा. हो, मूठभर वापरलेली वाळू मी पण आणते, पण माणूस ओळखीचा असेल आणि त्याच्या टँकमध्ये गोगलगायी-कोळंब्या धडधाकट फिरताना डोळ्यांनी बघितल्या असतील तरच. ज्या टँकमध्ये कोळंबी वर्षभर जगतेय तिथे तांब्याची भीती जवळपास नाही.

आणि एक गंभीर गोष्ट, जुनी वाळू किंवा दगड कुणी दिलेच तर 'निर्जंतुक' करायला उकळू नका. त्यावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (कोरलसारखे प्राणी) राहिलेले असतील तर त्यांचं पॅलिटॉक्सिन हे विष वाफेबरोबर घरभर पसरतं, त्याने आख्खी कुटुंबं हॉस्पिटलात गेलेली आहेत. ब्लीच वापरलंत तर त्यात व्हिनेगर किंवा कुठलंच अ‍ॅसिड मिसळू नका, क्लोरीन वायू होतो.

टाकायची पद्धत सोपी. आधी मुख्य दगड थेट तळावर बसवा, वाळू नंतर, नाहीतर बीळ करणारा प्राणी एक दिवस दगडाखालची वाळू काढेल आणि दगड काचेवर येईल. कोरडी वाळू बादलीत थोडी थोडी घेऊन पाणी बऱ्यापैकी नितळ होईपर्यंत धुवा, शेवटचं पाणी आरओचं. ओली लाइव्ह वाळू मात्र धुवायची नाही. टँकमध्ये पाणी असेल तर वरून ओतू नका, जाड पाइप तळापर्यंत धरून त्यातून सोडा. तरी गढूळ होणारच, ती कार्बोनेटची धूळ आहे, घाबरू नका, पण तेव्हा स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि वेव्हमेकर बंद ठेवा आणि फिल्टरला नवीन फ्लॉस (गाळायचा कापूस) लावा. माझ्या आत्ताच्या टँकमध्ये पहिल्या रात्री समोरची काच म्हणजे ताकासारखी होती, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागचे दगड दिसायला लागले, मग फ्लॉस बदलला आणि एक वेव्हमेकर अगदी कमी स्पीडवर, तोंड वरच्या बाजूला करून चालू केला.